पिवळा मासा कुठला, मलावीचा की टांगानिकाचा?

'आफ्रिकन सिक्लिड' (सिक्लिड हे माशांचं एक कुळ) अशी पट्टी लावलेल्या टाकीत बोटभर लांबीचे पिवळेधमक मासे दिसले की माणूस 'चार पिवळे द्या' म्हणून मोकळा होतो. पण त्यात दोन निरनिराळे मासे असू शकतात. एक आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला इलेक्ट्रिक येलो, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सिरुलियस. दुसरा तिथल्याच टांगानिका सरोवरातला लेमन सिक्लिड, निओलॅम्प्रोलोगस लेलेउपी. दोघेही साधारण १० सेंटीमीटरपर्यंत वाढतात, आणि दोघांचं शास्त्रीय वर्णनही १९५६ सालचंच. मोठ्या टाकीत ही गल्लत एकवेळ खपून जाते, छोट्या टाकीत नाही.

ओळखायला आधी पाठीवरचा पर बघा. येलोच्या पराला काळी पट्टी असते. पिल्लांत ती पुसट असते, म्हणून अंगाची ठेवणही बघावी. येलो पोटापाशी भरलेला, तोंड लहान. लेमन सडपातळ आणि लांबट, तोंड मोठं, ओठ जाड, अंगावर काळं काही नाही. येलो टाकीभर मोकळा हिंडतो. लेमन दगडाला धरून राहतो, कपारीत शिरला की चक्क छताकडे पोट करून पोहतो. काळी पट्टी फिसकटलेली आणि अंगावर नारिंगी झाक असली तर रेड झेब्राशी (हाही मलावीचाच एक सिक्लिड) झालेल्या संकराची शंका घ्या. मिसळ टाकीत असले संकर सर्रास होतात.

खाण्यात मात्र हे दोघे जवळचे. मलावीचे खडकात राहणारे बरेच सिक्लिड दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. येलो त्यांच्यातलाच असूनही मुख्यतः किडे-अळ्या शोधतो, आणि लेमनही तेच करतो.

खरा फरक संसारात आहे. येलोची मादी अंडी तोंडात घेते आणि तीन-चार आठवडे जवळजवळ उपाशी राहून पिल्लं वाढवते. नराचं काम अंडी फळण्यापुरतं, पुढे तो दुसऱ्या मादीच्या मागे. म्हणून एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्या लागतात, नाहीतर एकाच मादीचा जीव नकोसा होतो. एवढ्या कुटुंबाला ३६ × १५ × १५ इंचांची, म्हणजे सुमारे १३० लिटरची टाकी ही माझ्या मते खालची मर्यादा. दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. 'लहान आहेत, राहतील' हे दुकानदाराचं म्हणणं पहिले काही महिनेच खरं असतं.

लेमनची जोडी जमते. मादी कपारीत अंडी चिकटवून सांभाळते, नर बाहेर पहारा देतो. त्यांना हिंडायला मैदान नको, हक्काची कपार हवी. त्यामुळे ३० × १२ × १५ इंचांच्या, ८५-९० लिटरच्या टाकीत दगड नीट रचले तर एक जोडी सुखात राहते. पण एकच. जोडी हवी तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि दोघांचं जमलं की बाकीचे लगेच हलवायचे. उशीर केलात तर ते काम जोडीच उरकते, आणि तुम्हाला मेलेले मासे काढावे लागतात. नुसत्या रंगासाठी मासे हवे असतील तर ही कटकट घेऊ नये.

पाणी दोघांना अल्कधर्मी लागतं. मलावीच्या माशांना पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७ च्या वर अल्कधर्मी) ८ च्या आसपास चालतो. टांगानिकाचं पाणी जास्त खनिजयुक्त, तिथे पीएच ९ च्या जवळ जातो. मुंबईचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी खनिजांचं, त्यामुळे ते जड करायला आणि पीएच वाढवायला फिल्टरमध्ये कोरलचा चुरा भरावा लागतो. देशावर बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं, तिथे मोजून बघितल्याशिवाय काही घालू नये. कुठलंही औषध-पावडर ओतून पीएच एका दिवसात वर नेण्यापेक्षा थोडा कमी पण स्थिर पीएच बरा.

आणि माशांच्या मळातून व कुजलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो; पीएच चढला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग कितीतरी वाढतो, हे छोट्या टाकीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. उरलेलं खाणं तळाशी कुजलं तर लेमनच्या टाकीत ते आधी भोवतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. क्लोरीन मात्र आधी काढून. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं की हवेचा पंप रात्रीही बंद करू नका, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.