क्रोनोग्राफ की क्रोनोमीटर? चंद्रावर गेलेल्या घड्याळाची उशिराची परीक्षा

भारी घड्याळांच्या दुकानात हा प्रसंग मी एकदा नाही, तीनदा पाहिला आहे. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, चावीच्या वर-खाली एकेक बटण. काउंटरमागचा माणूस घड्याळ अलगद मखमलीवर ठेवतो आणि म्हणतो, "सर, हे क्रोनोमीटर आहे." ते क्रोनोमीटर नसतं, क्रोनोग्राफ असतो. नावं जुळ्या भावांची, पण एक सांगतं घड्याळ काय काम करतं आणि दुसरं सांगतं ते परीक्षेत पास झालं की नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीच्या घड्याळाच्या पोटात बसवलेलं स्टॉपवॉच. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की टुणकन शून्यावर परत. छोट्या तबकड्यांपैकी दोन मोजलेली मिनिटं आणि तास दाखवतात, उरलेली रोजचा सेकंद काटा सांभाळते. 'ग्राफ' म्हणजे लिहिणं, आणि एके काळी ते अक्षरशः लिहिणंच होतं. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रिउसेक या घड्याळजीने जे यंत्र वापरलं, ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. शाई केव्हाच गेली, नाव तेवढं राहिलं.

क्रोनोमीटरला बटण-बिटण काही लागत नाही. तो दाखला आहे, दहावीच्या गुणपत्रिकेसारखा. पूर्वी तो वेधशाळा द्यायच्या. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ पासून हे काम सीओएससी ही संस्था करते. घड्याळाचं यंत्र पंधरा दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत ठेवून तपासतात. रोजची सरासरी चूक ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यातच बसावी लागते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही सूट किती कंजूष आहे ते कळतं.

आता एकाच घरातली दोन भावंडं बघा. १८४८ मध्ये लुई ब्रांटने स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या गावी घड्याळं जोडायला सुरुवात केली. १८९४ मध्ये त्याच्या मुलांनी काढलेल्या एका यंत्राचं नाव होतं 'ओमेगा'. ते इतकं चाललं की पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. या ओमेगाचं १९५२ चं 'कॉन्स्टेलेशन' म्हणजे पक्का क्रोनोमीटर: साधे काटे, बटण एकही नाही, आणि मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट व आठ तारे. १९५७ चा 'स्पीडमास्टर' हा पक्का क्रोनोग्राफ: बटणं, तीन छोट्या तबकड्या, सगळा सरंजाम. दाखला मात्र नाही.

आणि चंद्रावर गेला तो हा बिनदाखल्याचा.

नासाने १ मार्च १९६५ रोजी स्पीडमास्टरला अंतराळवीरांसाठी पात्र ठरवलं. त्याआधीच्या चाचण्यांत त्याला भाजलं, गोठवलं, हादरवलं. कमी दाबाच्या चाचणीत त्याच्या वेळेत २१ मिनिटांचा फरक पडला, प्रवेगाच्या चाचणीत १५ मिनिटांचा. तबकडीवरचा चमकणारा लेपही गेला. क्रोनोमीटरच्या परीक्षेत हा विद्यार्थी पहिल्याच दिवशी घरी गेला असता. पण सगळं संपल्यावर घड्याळ व्यवस्थित चालत होतं, आणि नासाला तेच हवं होतं. प्रतिस्पर्धी घड्याळं वाटेतच बाद झाली होती.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे चांद्रयान संकटात असताना यानाची दिशा सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते सेकंद अंतराळवीर जॅक स्विगर्टने मनगटावरच्या स्पीडमास्टरने मोजले. इथे हिशेब करून बघण्यासारखा आहे. दिवसाला दहा सेकंद चुकणारं घड्याळ घेतलं, तरी १४ सेकंदांत ते दोन सहस्रांश सेकंदही चुकत नाही. त्या क्षणी दाखल्यापेक्षा ते बटण मोलाचं होतं.

मग दाखला हवाच कशाला? रोज तेच घड्याळ घालणाऱ्याला हवा. दिवसाची दहा सेकंदांची चूक साठत जाते, महिन्याभरात पाच मिनिटं होते, आणि मग आपण घड्याळजीकडे जातो. तो बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: "लोहचुंबकाजवळ ठेवलं होतं का?" मोबाइलचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, हल्ली चुंबक कुठे नाही? घड्याळाची लय सांभाळणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, त्याची बाधा झाली की घड्याळ सुसाट पुढे पळतं.

२०२१ मध्ये ओमेगाने नेहमीच्या मूनवॉचमध्ये (चंद्रावर गेल्यापासून स्पीडमास्टरचं हे टोपणनाव) ३८६१ हे नवं यंत्र बसवलं, ते याच दुखण्यावर. आत चुंबकाला दाद न देणारी सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणि इंग्रज कारागीर जॉर्ज डॅनियल्सच्या कल्पनेतलं को-ॲक्सियल एस्केपमेंट, म्हणजे चाकांना टिकटिक करत एकेक दाता पुढे सोडणारी यंत्रणा. सीओएससीनंतर मेटास या स्विस सरकारी संस्थेची दुसरी परीक्षा. तिथे पूर्ण घड्याळ १५,००० गाऊसच्या (गाऊस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात घालतात आणि रोजची चूक ० ते ५ सेकंद पुढे एवढीच चालते. मागे पडायची सोयच नाही. बाहेरून मात्र जुनी पायरीची तबकडी परत आणली, चावी रोज हातानेच द्यायची, आणि हेसालाइटची, म्हणजे चरा पडणारी पण फुटून तुकडे न उडणारी, काच आजही मिळते. मी तीच घेईन; चरे पॉलिशने जातात.

म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं क्रोनोग्राफ असलेलं हे घड्याळ आता क्रोनोमीटरही झालं. (घराण्यात हे नवीन नाही म्हणा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला ओमेगाने पाठवलेली ३० स्टॉपवॉच क्रोनोग्राफ होतीच, शिवाय स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल वेधशाळेचा दाखला घेतलेली होती.) तेव्हा २०२१ नंतरचं मूनवॉच समोर ठेवून काउंटरवरचा माणूस "सर, क्रोनोमीटर आहे" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. या वेळी तो, चुकून का होईना, बरोबर बोलतोय.