लायब्ररी संगणकात आहे, तरी बिल्डला सापडत नाही

गिम्प हे चित्रांवर काम करण्याचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. त्याचा कोड कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा. पण कोड हाती आला की काम झाले, हा समज पहिल्याच पायरीवर मोडतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम घडवण्याची, तयारी सुरू करावी तर उत्तर येते: जीटीके सापडले नाही. खिडक्या, बटणे, मेनू काढणारी ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, १९९५ साली सुरू झालेल्या गिम्पसाठीच जन्माला आली आणि आज तिच्यावर चालणारे कितीतरी प्रोग्रॅम त्याच पडद्यावर उघडे असतात. तरीही संदेश खराच असतो, कारण प्रोग्रॅम चालवायला लागते ते वेगळे आणि घडवायला लागते ते वेगळे.

जीटीकेमध्ये नवी खिडकी बनवणारे एक फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, आहे. लायब्ररीच्या फाइलमध्ये त्याचे नाव आणि त्याचा यंत्रकोड कुठे आहे तेवढेच नोंदलेले असते. त्याला कोणती माहिती पुरवायची, हे तिथे लिहिलेले नसते. ते लिहिलेले असते हेडर फाइलमध्ये. जीटीके ३ मध्ये हे फंक्शन खिडकीचा प्रकार विचारते, जीटीके ४ मध्ये काहीच विचारत नाही. नाव तेच, वापरायची रीत वेगळी. म्हणून कोडचे यंत्रकोडात रूपांतर करणाऱ्या कंपायलरला नेमक्या आवृत्तीचे हेडर समोर हवे. नुसते प्रोग्रॅम वापरणाऱ्याला हेडर कधीच लागत नाही, म्हणून डेबियन आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली ते वेगळ्या पॅकेजमध्ये देतात. त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असते. बिल्डची यंत्रणा लायब्ररीचा ठावठिकाणा ज्या छोट्या मजकूर फाइलीतून वाचते, तीही त्याच पॅकेजात येते.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कंपायलरनंतर प्रोग्रॅमला लायब्रऱ्यांशी जोडणारा लिंकर येतो. तो लायब्ररी शोधतो ती आवृत्तीच्या शेपटाशिवाय, 'लिबजीटीके-३ डॉट एसओ' अशा नावाने. हे नाव म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा, तोही डेव्ह पॅकेजातलाच. लिंकर दुव्यावरून खऱ्या फाइलपाशी पोचतो आणि तिच्या पोटात कोरलेले अधिकृत नाव वाचतो: 'लिबजीटीके-३ डॉट एसओ डॉट ०'. तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो हेच नाव लिहून ठेवतो, पत्ता सहसा लिहीत नाही. प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या लायब्रऱ्या मेमरीत आणणारा लोडर त्या नावाची फाइल ठरलेल्या फोल्डरांत नव्याने शोधतो. म्हणजे शोध दोनदा होतो, दोन वेगळ्या यंत्रणा तो करतात आणि दोघींना एकच फाइल मिळेल याची हमी नसते.

गिम्पच्या ताज्या कोडवर काम करताना हे हटकून आडवे येते. त्याला रंग आणि चित्र हाताळणाऱ्या बॅबल आणि गेगल या लायब्रऱ्यांच्या इतक्या नव्या आवृत्त्या लागतात की पुष्कळदा त्या आधी स्वतः बिल्ड करून वेगळ्या फोल्डरात ठेवाव्या लागतात. ते फोल्डर बिल्डला सांगितले आणि लोडरला सांगायचे राहिले, तर नव्या गेगलवर घडवलेला गिम्प चालताना जुन्या गेगलला गाठू शकतो. अधिकृत नाव दोघांचे तेच, त्यामुळे लोडरला संशय येत नाही. मग नवे फंक्शन सापडत नाही आणि प्रोग्रॅम थांबतो.

अशा वेळी कुठूनतरी उचललेली, 'सुडो'ने सुरू होणारी ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मंत्रासारखी चिकटवायची रीत पडली आहे. ती सोडायला हवी. त्या ओळीला संपूर्ण संगणकाचा ताबा मिळतो आणि ती काय बदलते हे चिकटवणाऱ्याला ठाऊक नसते. लोडरला फोल्डर सांगणारा 'एलडी लायब्ररी पाथ' हा चल (व्हेरिएबल) सुद्धा कायमचा लावून ठेवू नये, नाहीतर त्या टर्मिनलमधून सुरू होणारे इतर प्रोग्रॅमही अर्धवट घडलेल्या लायब्रऱ्या उचलतात. तो फक्त गिम्पच्या कामापुरता लावावा.

निदान सोपे आहे. स्वतः बिल्ड केलेल्या गिम्पच्या फाइलवर 'एलडीडी' ही आज्ञा चालवली की एकेक लायब्ररी, बाण आणि उजवीकडे निवडलेल्या फाइलचा पत्ता अशी यादी येते. गेगलच्या ओळीत आपल्या फोल्डराऐवजी सिस्टीमचे फोल्डर दिसले, तर गिम्पच्या कोडमध्ये शोधाशोध करण्याचे कारण नाही.