नाव रिक्तिका, घर भरलेलं

वनस्पतीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मधोमध बरीचशी मोकळी जागा दिसते. केंद्रक, हरितलवके वगैरे मंडळी भिंतीच्या कडेला अंग चोरून असतात. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनाही ती जागा रिकामीच वाटली. म्हणून ती ‘व्हॅक्युओल’ आणि मराठीत रिक्तिका. ‘नाव सोनुबाई’ची इथे उलटी गत आहे, कारण पाणी, क्षार, शर्करा, आम्लं, रंगद्रव्यं आणि खाणाऱ्याला बाधणारी विषंही इथेच साठवलेली असतात.

पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका कधीकधी 90 टक्क्यांपर्यंत जागा व्यापते. तिचं पटल क्षार आत ओढतं, क्षारांमागोमाग पाणी येतं आणि रिक्तिका फुगून पेशीभित्तिकेवर रेटा देते. हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट असतो. लाकूड नसलेलं कोवळं रोप ताठ उभं राहतं ते त्याच्या जोरावर, आणि पाणी तुटलं की मान टाकतं. लाजाळूचं पान मिटतं तेव्हाही देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी भराभर पाणी सोडत असतात.

मला यातली काटकसर जास्त भावते. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो आणि तो सहजासहजी मिळत नाही. म्हणून झाड पेशी मोठी करतं ते मुख्यतः पाणी भरून, आणि थोडक्या ऐवजात पान उन्हात ऐसपैस पसरतं.

रंगाचा खेळही इथलाच. मॉर्निंग ग्लोरीच्या एका जातीत जांभळट कळी उमलताना रिक्तिकेतली आम्लता घटते आणि फूल निळं होतं. रंगद्रव्य मात्र तेच!

बुरशीच्या पेशींतही रिक्तिका असतात. फॉस्फेटचा साठा करणं आणि टाकाऊ प्रथिनं मोडून त्यांचे घटक पुन्हा वापरात आणणं, ही त्यांची कामं. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट या एकपेशीय बुरशीत ही मोडतोड नेमकी कशी चालते ते शोधलं. युक्ती साधी होती. रिक्तिकेतली पाचक विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. काही तासांतच रिक्तिका बारीक पुटिकांनी, म्हणजे मोडीसाठी आलेल्या ऐवजाच्या इवल्या पिशव्यांनी, गच्च भरली. एरवी त्या आत येताच पचून जातात, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नव्हत्या. या निरीक्षणावरचा शोधनिबंध 1992चा. त्यातून पुढे वाढलेल्या कामाला 2016चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.