आज काठी कोणाच्या दारात?

आपल्याकडे म्हण आहे, बारभाईची शेती काय लागेल हाती. सोसायटीची गच्ची घ्या, गावचं गायरान घ्या, म्हण पटतेच. 1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने हेच शास्त्रीय थाटात मांडलं. कुरण सगळ्यांना मोकळं असेल तर प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडणार, कारण दूध त्याच्या एकट्याचं आणि गवताचं नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार, आणि असं करत करत एक दिवस कुरण उजाड. मग एकतर सरकारने ताबा घ्यायचा नाहीतर तुकडे पाडून खाजगी करायचं. लेख तुफान गाजला. गंमत अशी की ते कुरण काल्पनिक होतं!

एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी खरी कुरणं, खरे पाट, खरी जंगलं बघायला घेतली. या मूळच्या राज्यशास्त्राच्या. शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमिती शिकू दिली नाही, आणि पुढे गणित कच्चं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश नाकारला, आणि 2009 मध्ये त्याच अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री याच. असो.

त्यांच्या पुस्तकातलं स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावाचं उदाहरण मला फार आवडतं. रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यासलेलं हे गाव. तिथला 1517 सालचा नियम असा की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवायच्या. बघा किती हुशार नियम आहे, कोणाला किती चारा होतो हे शेजाऱ्याला दिसतंच, त्यामुळे लपवाछपवीला जागाच नाही.

नेपाळची गोष्ट तर डोकं चक्रावणारी आहे. तिथे शेतकऱ्यांनी दगड, माती, फांद्या टाकून केलेले बंधारे होते आणि दुसरीकडे इंजिनिअर लोकांनी बांधलेले सिमेंटचे. ऑस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त पाटांची माहिती गोळा केली, तर शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्यात शेतकऱ्यांचे कच्चे पाट सरस! कारण ऐकलं की लक्षात येतं. कच्चा बंधारा दर पावसाळ्यात वाहून जातो, तो परत घालायला सगळ्यांचे हात लागतात, म्हणून वरच्या शेताचा मालक खालच्याला पाणी सोडतो, कारण उद्या त्याचीच गरज पडणार असते. पक्का बंधारा झाला की ही गरजच संपली, वरच्याने खालच्याला विचारायचं कशाला? म्हणजे सिमेंटने गळती थांबली पण माणसांमधली देवाणघेवाणही थांबली. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण गावात नवीन बांधकाम मंजूर झालं की मला हे हमखास आठवतं.

जंगलांचंही तसंच. जंगल सरकारी की खाजगी की गावाचं, ती पाटी कोणती यापेक्षा जे लोक ते वापरतात ते स्वतः नियमित राखण करतात का, याच्याशी झाडांच्या स्थितीचा संबंध जास्त दिसला. ओडिशातल्या कितीतरी गावांत याला ठेंगापाली म्हणतात. ठेंगा म्हणजे काठी आणि पाली म्हणजे आपली पाळीच की! ज्याच्या दारात काठी, त्या दिवशी जंगलात फिरायची पाळी त्या घराची, संध्याकाळी काठी शेजारच्या दारात. पगार नाही, युनिफॉर्म नाही. आणि पकडला गेलेला बहुतेकदा ओळखीचाच असतो, म्हणून पहिल्या वेळी समज किंवा किरकोळ दंड आणि परत परत केलं तर मोठा, अशी चढती शिक्षा टिकाऊ व्यवस्थांमध्ये दिसते असं ऑस्ट्रॉम सांगतात.

आता आपलं मेंढा (लेखा). गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. इथे बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बैठका चालतात, आणि त्याआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो. वेळ जातो, हो, भरपूर जातो! पण मनातून न पटलेला नियम जंगलात कोण पाळणार? मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे शिकवण्यापेक्षा शिकायलाच जास्त गेले. हक्काचा कागद मिळायच्या वीसेक वर्षं आधीपासून गाव जंगल राखत होतं. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये, म्हणजे ऑस्ट्रॉमना नोबेल मिळालं त्याच वर्षी, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला.

पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याकडे. खात्याचं तेव्हा म्हणणं होतं, बांबू हे झाड, म्हणजे इमारती लाकूड. वनस्पतीशास्त्र म्हणतं गवत. वनहक्क कायद्यात तर तो गौण वनोपजातच, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या वस्तूंतच, स्पष्ट लिहिलेला. गावाने हट्ट सोडला नाही, शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूवर शिक्का ग्रामसभेचा.