स्काइपने आपला कोडेक का देऊन टाकला?

अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हॉइस नोटची फाइल शोधली की तिच्या नावामागे बहुधा ‘ओपस’ असं शेपूट दिसतं. ओपस हा आवाज साठवण्याचा आणि पाठवण्याचा खुला प्रकार. तो वापरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. पण त्याचा निम्मा भाग नफ्यासाठी चालणाऱ्या एका कंपनीत जन्मला आहे, स्काइपमध्ये.

इंटरनेटवरून आवाज पाठवायचा तर त्याचे आधी आकडे करावे लागतात, ते आकडे दाबून लहान करावे लागतात आणि पलीकडे पुन्हा उलगडावे लागतात. या दाबण्या-उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. जुन्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच वारंवारतांचा पट्टा जायचा. ‘स’चा सळसळाट बराचसा या पट्ट्याच्या वर, बाहेर असतो, म्हणून नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ अशी गल्लत व्हायची. इंटरनेटला ही मर्यादा नव्हती.

2003 साली सुरू झालेली स्काइप आधी दुसऱ्यांचे कोडेक परवाना घेऊन वापरत होती. 2009 मध्ये तिने स्वतःचा ‘सिल्क’ आणला आणि लगेच तो इतरांना विनामूल्य देऊ केला. यात दानशूरपणा कमी, हिशेब जास्त. कॉलला दोन टोकं असतात. पलीकडच्या यंत्राला तुमचा कोडेक कळत नसेल तर तो कितीही चांगला असो, फुकट जातो. शिवाय स्काइपची कमाई कोडेक विकून नव्हती. साध्या फोनवर लावलेल्या कॉलच्या मिनिटांतून पैसा यायचा.

त्याच सुमारास झिफ या ना-नफा संस्थेचे लोक ‘सेल्ट’ नावाचा खुला कोडेक घडवत होते. एमपीथ्रीच्या पेटंटधारकांनी 1998 मध्ये शुल्काचा तगादा लावल्यापासून या मंडळींना खुल्या प्रकारांचा ध्यास लागला होता. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने 2010 मध्ये कोडेकसाठी गट नेमला, आणि तिथे सिल्क व सेल्ट यांचा एकच कोडेक करायचं ठरलं.

ही जोडणी तंत्र म्हणूनही सुरेख आहे. सिल्क बोलण्याचा जाणकार. घशातून निघणारा आवाज क्षणापुरता फारसा बदलत नाही, म्हणून मागच्या नमुन्यांवरून पुढचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच पाठवायचं, ही त्याची रीत. सेल्ट आवाजाचे वारंवारतेनुसार पट्टे पाडतो आणि प्रत्येकाची ऊर्जा जपतो. संगीताला हे मानवतं. ओपसच्या संकरित पद्धतीत 8000 हर्ट्झच्या खालचं काम सिल्क करतो, वरचं सेल्ट. सेकंदाला 6 किलोबिटपासून 510 किलोबिटपर्यंत सगळं एकाच कोडेकमध्ये बसतं.

2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने 8.5 अब्ज डॉलरला स्काइप घेतली. पेटंटचा बडगा उगारायचा तर हीच वेळ होती. पण मायक्रोसॉफ्टने ओपससाठी पेटंट विनाशुल्क देऊ केली आणि सप्टेंबर 2012 मध्ये ओपस मानक झाला. पुढे 2016 मध्ये ब्राउझरमधल्या कॉलसाठीच्या वेबआरटीसी या तंत्रात तो सक्तीचा ठरला. आता फायरफॉक्स आणि क्रोम वापरणाऱ्यांशी चांगल्या आवाजात बोलायचं तर कॉलचं ॲप लिहिणाऱ्याला ओपस टाळणं अवघड. ॲपलनेही ओपस घेतला, मात्र सफारीत बराच काळ तो आपल्याच कॅफ नावाच्या डब्यात भरून. आतला माल खुला, डबा घरचा!

मग मायक्रोसॉफ्ट खुल्या तंत्राची भक्त झाली का? तसं नाही. 2021 मध्ये तिने टीम्स या आपल्या बैठकांच्या ॲपसाठी ‘सॅटिन’ हा स्वतःचा, न्यूरल जाळ्यांवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनांवर, चालणारा कोडेक जाहीर केला. माझ्या मते यात विसंगती नाही. टीम्सवरून टीम्सवर कॉल लागतो तेव्हा दोन्ही टोकं एकाच कंपनीची असतात, तिथे जगाशी जुळवून घेण्याची गरज नसते.

ओपसवाल्यांनीही मग तेच हत्यार उचललं. मार्च 2024 च्या 1.5 आवृत्तीत वाटेत हरवलेले आवाजाचे तुकडे न्यूरल जाळ्यांनी भरून काढायची सोय आली. मानक मात्र मोडलेलं नाही. 2012 चा जुना डीकोडरही, म्हणजे आवाज उलगडणारा भागही, या नव्या आवृत्तीने केलेली फाइल वाजवू शकतो.