ओव्याचं फूल वेगळं, पुदिन्याचं फूल वेगळं

पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. बाम, मसाला पान, खोकल्याची गोळी यांतला तो गारवा. ओळख करून द्यायची गरज नाही. मात्र ते चटणीच्या पुदिन्यातून निघत नाही. आपल्या नेहमीच्या पुदिन्याचा वास कार्व्होन या वेगळ्याच सुगंधी द्रव्याचा असतो. मेंथॉल येतं जपानी पुदिन्याच्या तेलातून, आणि त्याची मोठी शेती उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या बाजूला.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. ओव्याचा फुलोरा नव्हे! ओव्याच्या दाण्यांचं तेल काढून गार केलं की जमतात ते खडे. कुंडीतलं जाड, लवदार पानांचं ‘ओव्याचं झाड’ ही तर तिसरीच वनस्पती. तिची भजी करा, विषय संपला.

खरा घोळ पुडीत होतो. दोन्ही पांढरे, चकचकीत खडे. मेंथॉल बहुधा लांब सुयांसारखं, थायमॉल आखूड आणि जाडसर; पण चुरा झाला की तोही फरक जातो. वासावर भिस्त ठेवायची तर आधी थायमॉल हुंगा. मेंथॉल आधी हुंगलंत तर नाक काही वेळ साक्ष द्यायच्या लायकीचं राहत नाही. खात्रीचा उपाय वितळणबिंदू: चिमूटभर खडे छोट्या काचेच्या कुपीत बंद करून कुपी ४६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरा. मेंथॉल साधारण ४२ ते ४४ अंशांना पातळ होतं, थायमॉल ५०च्या आसपास. घट्ट राहिलं ते ओव्याचं.

एवढा खटाटोप कशाला? कारण मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांना फसवतं, तापमान तसूभरही उतरत नाही. थायमॉल फिनॉलच्या कुळातलं, जंतुनाशक. नुसतं लावलं तर त्वचा भाजते. बाम समजून कपाळावर चोळाल तर पस्तावाल.

अमृतधारा या घरगुती औषधात दोन्ही लागतात: पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, प्रत्येकी १० ग्रॅम. काचेच्या बाटलीत घालून हलवा, पाण्याचा थेंबही न घालता पातळ होतं, कारण तिघं एकमेकांचा वितळणबिंदू खाली ओढतात. ‘पातळ झालं, म्हणजे माल बरोबर’ हे मात्र डोक्यातून काढा. नुसतं मेंथॉल आणि कापूरही तसंच पातळ होतं. दोन्ही पुड्यांत मेंथॉल आलं असेल तर बाटली तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणून पारख आधी. पूजेच्या कापरावर काम भागवू नका, प्लास्टिकची बाटली नको, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ यातलं काहीही नेऊ नका.