अध्यक्षांच्या नावाने आलेला ईमेल: ‘खाते हॅक झाले’ हा समज

संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाने कोषाध्यक्षांना ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन त्यांचे क्रमांक पाठवा’ असा ईमेल आला, की अध्यक्षांचे खाते हॅक झाले असे सांगितले जाते आणि त्यांना पासवर्ड बदलायला लावले जाते. बहुतेक वेळा खात्याला कोणी हातही लावलेला नसतो. ईमेल पोहोचवणारी एसएमटीपी ही पद्धत 1982 साली ठरली, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तपासण्या नंतर आल्या, पण त्या डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, तपासतात, दिसणारे नाव नव्हे. त्यामुळे कोणीही नवे मोफत खाते उघडून त्याला अध्यक्षांचे नाव देऊ शकतो, आणि कार्यकारिणीची नावे तर आपणच संकेतस्थळावर हौसेने छापलेली असतात. मोबाइलवर बहुधा नावच दिसते, म्हणून त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता आणि उत्तर कोणत्या पत्त्यावर जाणार आहे तेही पाहावे. मात्र खाते खरोखर हॅक झाले असेल तर पत्ताही खराच दिसेल. म्हणून पैशाची मागणी आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करूनच पडताळावी. भारतात पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे.